बाबांचा अंगठा

आमच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत दारावरच्या पाटीवर भाऊजींचं नाव आहे. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. ते डॉक्टर, त्यामुळे नाव त्यांचंच हवं. काउंटरवर सासूबाई बसतात आणि पेशंटचं नाव, जन्मतारीख, पत्ता विचारता विचारता त्याच्या घरचंही सगळं काढून घेतात. माझा नवरा स्कूटरवरून घरोघरी जाऊन रक्ताच्या नळ्या गोळा करतो. मी धाकटी सून, मागच्या खोलीत संगणकापाशी असते. या खोलीला खिडकी नाही, कारण मुळात ती कापसाचे गठ्ठे ठेवायला बांधली होती, आणि कापसाला बाहेर बघायची हौस नसते.

ही खोली मला बाबांनी दिली. बाबा म्हणजे सासरे. एक सूक्ष्मदर्शक आणि एक डुगडुगतं टेबल एवढ्यावर त्यांनी ही प्रयोगशाळा उभी केली. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यांचं परस्पर ठरून गेलं होतं की मी तिथला चहा बघेन. बाबांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "चहा काय, कोणालाही येतो. आतलं ते धूड इथे कोणालाच येत नाही. तू बघ." तेव्हापासून बाबांच्या वाटेला कोणी गेलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे केलं ते का केलं असं कोणी विचारायला नको.

तर ते धूड. टोकन नंबर द्यायचा, नळीवर चिकटवायचं नाव छापायचं, रिपोर्ट छापायचे, पेशंटला निरोप धाडायचे, फ्रिजच्या तापमानावर लक्ष ठेवायचं, आम्हा सगळ्यांच्या अंगठ्यांची हजेरी घ्यायची, हे सगळं तो एकच संगणक करतो. आता, संगणक चालू केला की आधी कोणतं काम उठेल, मग कोणतं, आणि कोणी कोणासाठी थांबायचं, हे ठरवायला आत एक वेगळा प्रोग्राम असतो. आमच्याकडे होता तो फार शहाणा होता. सगळ्यांना एकदम उठवायचा, सगळ्यांच्या कामात नाक खुपसायचा, आणि एखादा प्रिंटर रुसला की पडद्यावर सेकंद मोजत उभा राहायचा. का थांबलास बाबा, असं विचारायची सोय नाही. बाहेर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं, त्यांच्या पोटात कावळे ओरडतायत, आणि हा आत सेकंद मोजतोय. एका सकाळी माझी सहनशक्ती संपली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी येऊन त्याची उचलबांगडी केली आणि त्याच्या जागी एक जुना, साधा, सांगकाम्या प्रोग्राम बसवला.

सांगकाम्याची अडचण एकच, त्याला सगळं सांगावं लागतं. नव्याला आमच्याकडचं कोणीच माहीत नव्हतं. प्रत्येक कामाची एक छोटी फाइल लिहायची आणि त्या कामाला सकाळच्या यादीत घालायचं, तरच ते उठणार. फाइलीत महत्त्वाच्या ओळी दोनच. एक, हे काम कोणाच्या नंतर उठेल. दुसरी, याला कोणाची गरज आहे. 'नंतर' लिहिलं तर पहिला नसला तरी दुसऱ्याचं भागतं. 'गरज' लिहिलं तर पहिला उठल्याशिवाय दुसरा जागचा हलत नाही. रिपोर्टाला प्रिंटरची गरज, निरोपाला इंटरनेटची गरज. मला हे लिहायला फार आवडलं. माणसांच्या बाबतीतही कोणाला कोणाची गरज आहे हे असं एका ओळीत लिहून टाकता आलं तर निम्मी भांडणं मिटतील, असं मला वाटलं. तेव्हा वाटलं.

पण जुन्या यादीत पंचवीसेक कामं निघाली आणि त्यातली निम्मी कशासाठी आहेत हे कोणालाच सांगता येईना. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "सगळी महत्त्वाचीच असतील." नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दादाला विचार." मग मी या धंद्यातली जुनी युक्ती काढली. जे काम कशाचं आहे ते कळत नाही ते बंदच ठेवायचं, आणि कोण बोंब मारतं त्याची वाट बघायची. बोंब आली की चालू करायचं. नाही आली तर त्याची गरजच नव्हती.

तो आठवडा फार मजेत गेला. निरोप बंद होते, तर पाच मिनिटांत सासूबाई माझ्या दारात. हॉलमधलं मंद संगीत बंद झालं, तर एक पेशंट काउंटरवर येऊन आभार मानून गेला. घड्याळ जुळवून घेणारं काम बंद होतं, त्याची बोंब मात्र उशिरा आली. संगणकाने तारीख अकरा वर्षं मागे नेली होती आणि रिपोर्टावर सगळ्यांची वयंही तेवढीच कमी छापली होती. एक बाई त्यावर इतक्या खूश झाल्या की दुरुस्त केलेला रिपोर्ट घ्यायला काही केल्या तयार होईनात. आणि फॅक्स घेणारं एक काम सापडलं. फॅक्सचं यंत्र विकून कितीतरी वर्षं झाली होती, पण हे आपलं रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून त्याची वाट बघत बसायचं. ते मी कायमचं बंद केलं.

एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण जेवताना ही गंमत सांगायची मला हौस आली. बाबा लवकर जेवून झोपायला गेले होते. भाऊजी एरवी माझं बोलणं वर्तमानपत्राच्या आडून ऐकतात. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"म्हणजे बंद करून बघायचं," ते म्हणाले. "कोणी ओरडलं नाही तर ते नकोच."

"हो."

"फार शास्त्रीय आहे हे."

त्यांच्या तोंडून माझ्या कामाची ही पहिलीच स्तुती, पण ती काही मला गोड लागली नाही. कारण बोलताना ते बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

बाबांचं काय होतं, तर ते रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येत. हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवत, मग फ्रिजचं दार उघडून आतला तापमापक बघत आणि मोठ्यांदा "चार" म्हणत. ते कोणाला सांगत हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण तापमान संगणक रात्रंदिवस लिहून ठेवतो. मग यंत्रांच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल, तिथे बसून मशीनने मोजून संपवलेल्या पेशी ते सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा मोजत. आकडा मशीनशी जुळला की मान हलवत. नाही जुळला की जुळेपर्यंत मोजत. कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण भाऊजींना एक नवं मशीन घ्यायचं होतं, कपाटाएवढं, आणि ते मावेल अशी जागा एकच होती, ती खिडकी. बाबांना उठा म्हणायचं कसं, या विचारात भाऊजींचे कितीतरी महिने गेले होते. त्यांना ती वाट मी दाखवली, आयती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाबांना सांगितलं की गुडघा सुजलेला दिसतोय, आठवडाभर घरीच आराम करा.

बाबांनी खाली पाहिलं. "कुठला?"

"दोन्ही," भाऊजी म्हणाले.

मग ते माझ्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं. "आठवडाभर बघू. त्यांच्यावाचून कोणाचं काही अडलं, कोणी विचारलं, तर टेबल राहील, मी परत विषय काढणार नाही. नाही तर मशीन तिथे येईल. पद्धत तुझीच आहे."

"भाऊजी, बाबा म्हणजे फॅक्स नाहीत."

"मी कुठे म्हटलं तसं?" ते म्हणाले, पण जाताना जरा ओशाळले होते.

बाबांचं टेबल म्हणजे बाबांचा सगळा जीव, असं मी धरून चालले होते. ते गेलं तर हा माणूस घरात भिंतीकडे बघत झुरणार. एवढ्या वर्षांत इथे आलेल्यांपैकी एकजण तरी त्यांना विचारेल, एवढीच माझी अपेक्षा होती. पहिल्या दिवशी कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एका आजीबाईंनी "ते म्हातारे कुठे गेले हो?" असं विचारलं आणि माझा जीव भांड्यात पडला, पण त्या स्वतःच्या नवऱ्याला शोधत होत्या. मी रक्त काढणाऱ्या नर्सताईंना बोलतं करायचा प्रयत्न केला. "बाबा नाहीत तर चुकल्या चुकल्यासारखं वाटतं, नाही?" म्हटलं. त्या म्हणाल्या, "हो ना. खोली केवढी मोठी वाटते."

तिसऱ्या दिवशी भाऊजी मापाची पट्टी घेऊन खिडकीपाशी उभे दिसले आणि माझं डोकं फिरलं. आठवडाभर बघू म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी मापं घेतो म्हणजे काय? ज्यांनी हे सगळं उभं केलं त्यांना जर कोणी बोंब मारून मागत नसेल, तर बोंब मारायला लावणं माझ्या हातात होतं. मी खोलीत जाऊन टोकनच्या यंत्राची फाइल उघडली. त्यात आधी दोन ओळी होत्या. तिसरी मी लिहिली. गरज: बाबा.

आणि 'बाबा' नावाचं एक नवं कामही लिहिलं. त्याचं करणं एवढंच, की हजेरीच्या यंत्रावर बाबांचा अंगठा टेकला की ते उठलं असं समजायचं. अंगठा नाही तर बाबा नाहीत. बाबा नाहीत तर टोकन नाही. टोकन नाही तर नळीवरचं नाव छापलं जात नाही, आणि नाव छापल्याशिवाय आमच्याकडे कोणालाही सुई टोचत नाहीत, हा नियम खुद्द भाऊजींचा. पडद्यावर दिसायला एक ओळ टाकली, 'ज्येष्ठ तंत्रज्ञांची नोंद बाकी. कृपया प्रतीक्षा करा.' ते 'कृपया' मुद्दाम घातलं. कृपया दिसलं की लोकांना खोडीचा संशय येत नाही.

सकाळी हॉल नेहमीसारखा भरला. उपाशी माणसाच्या रागाला तोड नाही. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नाही, वर घशाला कोरड, आणि समोर भिंतीवर टोकनचा आकडा शून्यावरून हलत नाही. एका गृहस्थांनी काउंटरवर हात आपटला. एक बाई म्हणाल्या की आता चक्कर आली तर जबाबदारी कोणाची, आणि मग चक्कर येतेय का ते बघत डोळे मिटून बसल्या. सासूबाईंनी हाताने नंबर लिहून वाटायला घेतले, पण नंबर हातात आला तरी नळीवर चिकटवायचं नाव काही येईना, तेव्हा लोक नंबरासकट भडकले.

भाऊजी धावत माझ्या खोलीत आले. "कुठे घोडं अडलंय?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी वाचलं.

"ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणजे कोण?"

"नवी पद्धत बसवली ना," मी म्हटलं. "त्यात साखळीची पडताळणी असते. पहिली नोंद ज्याची, त्याच्या ओळखीवर पुढची कामं उठतात. इथे इतकी वर्षं पहिली नोंद बाबांची आहे."

यातला एक शब्दही खरा नव्हता. पण डॉक्टर मंडळी आपल्याला न कळणारे शब्द ऐकवून जन्मभर गप्प बसवतात. एकदा आपण ऐकवले तर कुठे बिघडलं? भाऊजींनी अगदी पेशंटसारखी मान हलवली.

"दुसऱ्या कोणाचा अंगठा नाही चालणार?"

"तुमचा लावून बघा ना."

त्यांनी लावला. नर्सताईंनी लावला. हात आपटणाऱ्या गृहस्थांनीही लावायची तयारी दाखवली. शेवटी भाऊजी हॉलमध्ये येऊन नवऱ्याला म्हणाले, "जा, बाबांना घेऊन ये."

"अरे, त्यांना कशाला बोलावता?" सासूबाई काउंटरमागून म्हणाल्या. "त्यांचं तिकडे काम चाललंय." पण त्या गोंधळात त्यांचं कोण ऐकतो. मीही ऐकलं नाही. माझे कान दुसऱ्याच गोष्टीवर होते. हॉलभर लोक एकमेकांना विचारत होते, बाबा कोण, बाबा कधी येणार, बाबांना कोणी आणायला गेलंय का. तीन दिवसांत जे नाव कोणाच्या ओठांवर आलं नव्हतं ते आता साठ जणांच्या तोंडी होतं. मला इतका आनंद झाला की मी तोंडावर हात धरून परत खोलीत गेले.

बाबा आले ते घरच्या कपड्यांत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गर्दीने त्यांना वाट करून दिली. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही, सरळ यंत्राकडे गेले आणि अंगठा टेकवला. यंत्राने नाही म्हटलं. पुन्हा टेकवला. पुन्हा नाही. भाऊजींनी त्यांचा हात उलटा करून पाहिला, तर अंगठा निळा. निळ्या रंगाने माखलेला, नखापर्यंत.

"हे काय?"

"रंग," बाबा म्हणाले. "घरची जुनी सायकल रंगवतोय. दुसरा हात द्यायचा राहिलाय."

नर्सताईंनी स्पिरिटचा बोळा आणला. अख्ख्या हॉलसमोर बाबांचा अंगठा घासघासून साफ केला गेला. मग तो टेकला, आत बाबा उठले, टोकनचं यंत्र टिंग करून जागं झालं आणि भिंतीवर एकचा आकडा आला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. उपाशी माणूस कशालाही टाळ्या वाजवतो.

आणि मग भाऊजींनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. ते बाबांच्या समोर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, माझं चुकलं. तुमचं टेबल कुठे जात नाही. ते मशीन मी माझ्या केबिनमध्ये बसवीन आणि मी बाहेर बसेन. तुम्ही रोज या." त्यांचा आवाज जरा ओला होता. तेवढ्यातच त्यांनी फोन करून बाबांसाठी एक पाठ टेकायची मऊ खुर्चीही मागवली. बाबांनी फ्रिज उघडला, "चार" म्हणाले आणि टेबलापाशी जाऊन बसले. मला वाटलं, गहिवरले असतील.

दुपारी गर्दी ओसरल्यावर ते माझ्या खोलीत आले. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले.

"ती फाइल दाखव."

"कुठली?"

"ज्यात मी आहे ती."

बाबांपुढे साखळीच्या पडताळणीची थाप चालणार नव्हती. मी फाइल उघडली. त्यांनी चष्मा वर सरकवून ती ओळ वाचली. बराच वेळ वाचत होते, दोनच शब्द होते तरी.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. "आता पूस."

"का?"

"का म्हणजे? मला विचारलंस का तू?"

करायला गेले एक आणि झालं काय, हे अजून माझ्या डोक्यात शिरायचं होतं.

"पोरी, इतकी वर्षं मी का येतो माहितीये?" बाबा म्हणाले. "न आलो तर पोरांना वाटेल, आपणच बापाला घालवलं. मी यायचो तुमच्यासाठी, तुम्ही ते टेबल ठेवलंत माझ्यासाठी. त्याने गुडघ्याचं काढलं ना, तेव्हा मी मनात म्हटलं, सुटलो. पळतच घरी गेलो. जरा लंगडत पळालो, त्याला खरं वाटावं म्हणून."

मला हसू आलं आणि त्याच दमात डोळ्यांत पाणी आलं.

"सकाळचं ऊन आपल्या गॅलरीत कुठपर्यंत येतं, हे मला या तीन दिवसांत कळलं," ते म्हणाले. "त्या घरात मी जन्म काढला. पण त्या वेळेला मी कायम इथे. पेशी मोजायचा मला कंटाळा येतो गं. जुळतातच त्या."

आपण किती शहाणे आहोत हे दाखवायला मी त्या माणसाची तीन दिवसांची मोकळीक मोडून त्याला परत कामाला जुंपलं होतं. वर मऊ खुर्चीत. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "बाबा, मी आत्ता जाऊन भाऊजींना सांगते."

"काही सांगू नकोस. उपाशी माणसं ताटकळत ठेवलीस तू. तो ही खोली काढून घेईल तुझ्याकडून, आणि त्याचं चुकणारही नाही." ते उठले. "मी येत जाईन. सवय आहे मला."

ते घरी निघून गेले आणि मी त्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून राहिले. ही खोली गेली तर मी परत चहाला. हे मला चांगलं माहीत होतं. पण 'सवय आहे मला' असं म्हणताना त्यांनी पाठ वळवली होती, आणि ती वळलेली पाठ काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी ओळ पुसली. 'बाबा' नावाचं कामही पुसलं. मग उठून भाऊजींच्या केबिनकडे गेले.

भाऊजी गुडघ्यांवर बसून केबिनची मापं घेत होते. स्वतःचं टेबल त्यांनी दाराकडे ढकललं होतं.

"भाऊजी, साखळीची पडताळणी असं काही नसतं," मी म्हटलं. "ती अट मी घातली होती. मुद्दाम. आता काढलीय."

त्यांच्या हातून पट्टी सुटली आणि सर्रकन गुंडाळली गेली. ते उठले. त्यांना राग आला की ते हळू बोलतात. ते इतकं हळू बोलले की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. आत मधुमेहाचे किती पेशंट बसले होते याची मला कल्पना आहे का, असं त्यांनी विचारलं. एखादा कोसळला असता तर काय केलं असतं, असं विचारलं. माझ्या रागापुढे मला ती माणसं दिसलीच नव्हती.

"किल्ली ठेव," ते म्हणाले.

मी ठेवली. आणि मग उरलेलंही सांगितलं. बाबांना टेबल नकोय, खुर्ची नकोय, ते तुमच्यासाठी येत होते, आणि आता माझ्यासाठी येणार आहेत, मी ओरडा खाऊ नये म्हणून.

भाऊजी दाराशी ढकललेल्या टेबलावरच बसले. "असं म्हणाले ते?"

"विचारल्यावर म्हणाले. आधी कोणी विचारलंच नव्हतं. तुम्हीही नाही आणि मीही नाही."

"उद्या सकाळी सगळं नीट उठेल ना?"

"उठेल. त्यांच्यावाचून काहीच अडत नाही." म्हणून गेले आणि जीभ चावली.

"हो, तेच." भाऊजी गुंडाळलेल्या पट्टीकडे बघत होते. "सकाळी ते आत आले ना, अंगठा लावला, यंत्र चालू झालं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, अजून आपल्याला लागतात." मग किल्ली त्यांनी माझ्याकडे सरकवली. "घे. उद्या सकाळी अडलं तर कोणाला बोलावू? पण पुन्हा असं केलंस तर बघ."

मी किल्ली घेतली, पण निघवेना. भाऊजींनी फोन काढून टेबलावर ठेवला आणि घरचा नंबर लावला. बाबांनी उचलला. त्यांचा आवाज खोलीभर आला.

"काय रे, परत अडलं?"

"नाही. काही अडलेलं नाही. बाबा, उद्यापासून तुम्ही यायची गरज नाही. तुमच्या धाकट्या सूनबाईने सगळं सांगितलं. माझं तिला रागावून झालंय."

"बरं."

कोणीच फोन ठेवला नाही. भाऊजींनी गुंडाळलेली पट्टी उगाच उलगडली. आपल्या वडिलांकडे काही मागायची त्यांना बहुतेक सवयच नव्हती.

"पण मधून कधी तरी याल का?"

"कशाला?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. या ओळीत मला काही लिहायचं नव्हतं.

"असंच," भाऊजी म्हणाले. "काम काही नाही. नुसतेच या."

पलीकडून रंगाच्या डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"काम नसेल तर येतो," बाबा म्हणाले. "पण सकाळी नाही जमायचं."